वाडी लो, दर्या अल्ट्रा

जी गोष्ट उत्तम व्हायला हवी, ती सुरू करायची घाई करू नये, हे जाणत्या माणसाचं पहिलं लक्षण. घाई अडाणी माणसं करतात. सुरमई घरात आली की मीठ-हळद लावून तव्यावर टाकतात, खातात, हात धुतात आणि आडवी होतात. तुकडीची सावली तेलात नीट पडते की नाही, याचा विचार त्यांच्या सात पिढ्यांनी केला नाही. म्हणून ती मागे राहिली. (मागे राहिली, पण जेवून राहिली, असं रुक्मिणीचं म्हणणं. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिचं किती मनावर घ्यायचं.)

रुक्मिणीचा मुलगा देवेश मात्र जाणता निघाला. मालवणच्या अंगाला दर्यापासून हाकेवर खालची वाडी आहे, तिथे त्यांचं घर. देवेश गोव्यात एका गोदामात नोकरी करतो, शनिवारी बांद्यावरून घरी येतो आणि रविवारी पडवीतल्या आपल्या कॉम्प्युटरसमोर बसतो. हा कॉम्प्युटर हिशेबाचा नव्हे, खास गेम खेळायचा. त्याला काचेची कूस आहे, पोटात रंगीत दिवे आहेत, आणि चालू झाला की तो बंदरात उभ्या ट्रॉलरसारखा घरघरतो.

गेम होडीचा. दोन दोस्तांनी मिळून होडी पाण्यात घालायची, जाळं टाकायचं, मासळी धक्क्यावर आणून विकायची. वाडीतली निम्मी माणसं रोज हेच करतात, पण त्यांना पहाटे उठावं लागतं आणि अंगाला वास येतो. गेममधून या दोन्ही अडचणी शास्त्रज्ञांनी काढून टाकल्या आहेत.

दुसरा दोस्त स्टॅनली. गडग्यापलीकडच्या, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणापलीकडच्या, पिएदादचा मुलगा, देवेशच्या बाकावर शिकलेला, आता बोटीवर खलाशी. बोट आखातातल्या एका बंदराला लागलेली. रविवारी संध्याकाळी खलाशांच्या क्लबात त्याला तासभर कॉम्प्युटर मिळायचा. क्लबातला कॉम्प्युटर जुनाट. त्यावर माड झाडूसारखा दिसतो आणि समुद्र निळ्या ताडपत्रीसारखा. स्टॅनलीची याबद्दल काही तक्रार नव्हती. यावरून त्याची समज लक्षात यावी.

आता स्टॅनलीचा एक गुण सांगायला हवा. तो आईशी फोनवर सरकारी पत्रासारखा बोलतो. "बरो आसंय. जेवलंय. तू बरी मां? ठेवतंय." पिएदादने विचारलं, "नाताळाक येतलंस?" तर म्हणतो, "बघूया." गेले दोन महिने तो बघत होता. पण एका रविवारी देवेशच्या हेडफोनची वायर निसटली आणि स्टॅनलीचा आवाज घरभर झाला. तो हसत होता. बोटीवरचा आचारी माशाच्या कढीत साखर घालतो, त्याची नक्कल करत होता. रुक्मिणीने हातातली तांदूळ धुवायची रवळी तशीच टाकली आणि गडग्यावरून हाक मारली.

"गो पिएदाद, धाव. तुझो झील बोलता."

"कोणाकडे?"

"होडयेकडे. तू ये आधी."

तेव्हापासून हेडफोनची वायर निसटलेलीच राहिली आणि देवेशच्या खुर्चीमागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पडल्या. मुलगे आईशी बोलत नाहीत, पण आई मागे बसली आहे हे ठाऊक नसेल तर ऐकण्याजोगं बोलतात, हा शोध खालच्या वाडीत लागला. त्याची नोंद कुठे झालेली नाही.

शोध लागला आणि नेमका त्याच आठवड्यात देवेशने ठरवलं की गेम आधी नीट दिसायला हवा.

सेटिंग म्हणजे काय, हे रुक्मिणीने मागे बसून समजून घेतलं. लाटा, पाण्यातलं प्रतिबिंब, सावल्या, लांबच्या माडाची झावळं, कावळ्याची पिसं. प्रत्येकाला वेगळी खुंटी, आणि प्रत्येक खुंटीचे चार चढ: लो, मिडियम, हाय, अल्ट्रा. पानात वाढताना आपण हेच करतो. लो म्हणजे घरचा माणूस, मिडियम म्हणजे शेजारी, हाय म्हणजे मुंबईचा पाहुणा आणि अल्ट्रा म्हणजे जावई. देवेशचं म्हणणं, कावळ्याच्या पिसासकट सगळ्यांना जावयाचा मान मिळाला पाहिजे.

कोपऱ्यात एक हिरवा आकडा असतो. सेकंदाला किती चित्रं दिसतात, ते तो सांगतो. साठ असला की होडी लोण्यातून जाते. तिसाच्या खाली घसरला की वाडीतला बाबली लग्नाहून झोकांड्या खात घरी येतो तशी जाते. जाणता खेळाडू होडीकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. आकडा साठ झाला की देवेशला आनंद होतो. आनंद झाला की तो सावली एका चढाने वाढवतो. सावली वाढली की आकडा पडतो. मग सावली उतरवून तो लाटा तपासतो. आणि दर वेळी पडद्यावर पाटी येते: बदल लागू होण्यासाठी गेम पुन्हा सुरू करा.

एका रविवारच्या तासाची वाटणी साधारण अशी: निम्मा सावल्यांना, पाव पाण्याला, उरलेला गेम पुन्हा सुरू करण्याला. मासे: काही नाही. (एक खेकडा मिळाला होता, पण तो होडी खडकाला लागली म्हणून.) स्टॅनली तिकडे एकटाच होडीत बसून विचारायचा, "देवेश, इलंस?" देवेश म्हणायचा, "रव, प्रतिबिंब बघतंय." असं करता करता तास संपायचा. पिएदाद पदर सावरून उठायची. तिने ऐकलेलं एवढंच: इलंस काय, आणि रवतंय, म्हणजे आलास का, आणि थांबतो.

"तुझो झील शिकलेलो आसा हां," जाताना ती म्हणायची.

"शिकलोहा," रुक्मिणी म्हणायची. "सुटलो नाय अजून."

देवेश स्वस्थ बसणारा नव्हता. दोष खोलवर आहे, हे त्याने दाढीवाल्या एका तज्ज्ञाच्या व्हिडिओवरून ओळखलं. पहिला दोष उष्णता. तेव्हा कॉम्प्युटरची काच उतरवून टेबलफॅन त्याच्या पोटाकडे लावला. टेबलफॅन आजवर रुक्मिणीचा होता. ती वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली. (वर्तमानपत्राचा हा उपयोग तरी निर्विवाद आहे.) दुसरा दोष व्होल्टेज. संध्याकाळी वाडीतले पंप माडांना पाणी लावतात, तेव्हा बल्बसुद्धा आजारी माणसासारखा बघतो. म्हणून त्या तासापुरता घरातला फ्रिज बंद. आकडा दोनाने वाढला. मग घरातले बाकीचे दिवे बंद. आणखी एकाने वाढला. दिशा योग्य आहे, हे सिद्ध झालं.

त्याच सुमारास स्टॅनलीचा फोन आला. बोट पुढच्या सोमवारी लांबच्या फेरीला निघणार. मग ना क्लब, ना कॉम्प्युटर. रविवार एकच उरला. नाताळचं विचारलं तर म्हणाला, "बघूया. ठेवतंय."

पिएदाद त्या दिवशी गडग्याशी येऊन उभी राहिली. "रुक्मिणीबाय," ती म्हणाली, "माका तो सांगूचो नाय. देवेशाक सांगात. येता काय नाय, येवढाच माका कळूक व्हया. मगे मी करंज्ये करूचे काय नाय ता ठरवतंय."

रुक्मिणी देवेशपुढे जाऊन उभी राहिली. "ह्या रविवारी होडी हलाक व्हयी."

देवेशने व्होल्टेज मोजायचा मीटर खाली ठेवला. "हलतली, आये. पण वाडीन साथ दिली तर."

अशा रीतीने देवळाच्या सभामंडपात वाडीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी लवू आजा होता, कारण तो आधीच तिथे झोपलेला होता. देवेशने प्रश्न सोप्या भाषेत मांडला. एकूण वीज तेवढीच आहे. गेममधल्या समुद्राची सेटिंग वर न्यायची तर वाडीची सेटिंग खाली आणावी लागेल. सबब, रविवारी सायंकाळी सदर तासापुरती संपूर्ण वाडी लो करण्यात यावी.

"माझी मासळी बर्फात आसा," बाबली म्हणाला. त्याचा मासे ठेवायचा मोठा फ्रीझर होता.

"तासभरात मासो मरणा नाय," लवू आजा म्हणाला.

"मेलेलोच आसा तो."

"मगे तक्रार कोणाची?"

सुगंधाने मसाल्याची गिरण बंद ठेवायचं मान्य केलं. राधाबाईने मालिकेचा भाग सोडला. त्यात सासू गेले तीन आठवडे बेशुद्धच होती. पंपवाल्यांनी माडांना विचारून बघतो म्हणून सांगितलं. मग कोणीतरी म्हटलं की स्टॅनली काय एकट्या पिएदादचा आहे, वाडीचाच झील आहे. त्यावर ठराव झाला. खऱ्या समुद्राचं काय करायचं, हा विषय आयत्या वेळी निघाला होता. तो खूप आवाज करतो आणि आकड्यात काहीच भर घालत नाही, असं देवेशचं मत पडलं. पण तो कोणाच्या मीटरवर नसल्याने विषय तहकूब झाला.

रविवार आला. सूर्य टेकायच्या आधीच वाडीने माना टाकल्या. पंप थांबले, फ्रिज थांबले, पंखे थांबले. बंद घरात घाम गाळत बसण्यापेक्षा सगळी वाडी रुक्मिणीच्या पडवीत येऊन घाम गाळू लागली. पिएदाद खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, मेणबत्ती लावून आली आणि आपल्या खुर्चीत बसली. लवू आजाने पानाचा विडा ठेवला, नारळ ठेवला आणि कॉम्प्युटरकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही सगळी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"ह्या यंत्रात जा काय आडमेळा असात, ता दूर कर. आकडो साठाच्या वर ठेव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आकडा खरोखरच चौसष्ट झाला. पडद्यावर समुद्र उघडला. लाटेच्या पाठीवर ऊन होतं, उन्हात माडाची सावली होती, सावलीत मासे होते. असा समुद्र वाडीत कोणी पाहिला नव्हता. (तो पाहायला पडवीतून मागे वळावं लागलं असतं.)

"देवेश, इलंस?" स्टॅनलीचा आवाज आला.

पिएदाद खुर्चीत पुढे सरकली. देवेशने होडीवर पाय ठेवला, न ठेवला, आणि थांबला. चौसष्ट म्हणजे चार शिल्लक. शिल्लक वाया घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने धुक्याची खुंटी एका चढाने वर केली. पाटी आली: बदल लागू होण्यासाठी गेम पुन्हा सुरू करा.

"देवेश, येतंस मां?"

"येतंय, येतंय. धुक्या तेवढा बघतंय."

धुकं झालं, पिसं राहिली. पिसं झाली, तर सावलीला कड आली. अर्धा तास गेला. पडवीत कोणी खोकलं तरी लोक त्याच्याकडे रागाने बघत होते, व्होल्टेज पडेल म्हणून. रुक्मिणीने पिएदादकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

घरात एक खुंटी होती, जी दाढीवाल्या तज्ज्ञाने सांगितली नव्हती. ती दाराच्या मागे, कॅलेंडरच्या वर होती. रुक्मिणी उठली, गेली आणि मेन स्विच खाली ओढला. पोटातले दिवे गेले. तिने स्विच वर केला आणि येऊन बसली.

महागड्या कॉम्प्युटरचा एक फायदा आहे, पडला तरी लवकर उठतो. गेमही उठला. पण त्याने आधी एक प्रश्न विचारला, तो सुगंधाच्या मुलीने, रियाने, मोठ्याने वाचून दाखवला: "गेम मागच्या वेळी नीट बंद झाला नाही. सगळ्यात खालच्या सेटिंगवर उघडायचा का?"

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

असं काही विचारलं की वाडीला दुसरं उत्तर येतच नाही. आणि देवेश कितीही शिकला तरी तो याच वाडीचा. त्याचं बोट 'होय' वर पडून गेलं होतं.

माड झाडूसारखे झाले. समुद्र ताडपत्री झाला. स्टॅनलीचं डोकं बिस्किटाच्या डब्याएवढं चौकोनी दिसू लागलं. होडी मात्र हलली. दोघांनी जाळं टाकलं आणि टाकता टाकता स्टॅनली बोलू लागला. साखरेच्या कढीचं झालं, कॅप्टनच्या घोरण्याचं झालं. मग त्याचा आवाज उतरला.

"डिसेंबरात सुट्टी गावता रे. पण मी येवचंय नाय. इंजिनाकडे हात भाजलो माझो. बरो होताहा, पण मांय बघीत तर बोटीर परत जावक देवची नाय. तिका सांगा नको हां."

देवेशला मागे वळायचा धीर झाला नाही.

"खंयचो हात?" पिएदादने विचारलं.

ताडपत्रीवरची होडी जागेवर थांबली. चौकोनी डोकं इकडून तिकडे फिरलं.

"मांय? तू होडयेत कशी?"

"दोन महिने बसलंय मी ह्या होडयेत. खंयचो हात?"

"...डावो."

"मगे उजवो घेवन ये," रुक्मिणी मागून म्हणाली. "डावो आमी हयसर बघूया."

स्टॅनली हसला की रडला, ते चौकोनी तोंडावरून कळलं नाही. लो सेटिंगवर एवढं बारीक दिसत नाही. आवाज मात्र स्वच्छ होता. "येतंय," तो म्हणाला. त्यानंतर 'बघूया' म्हणाला नाही. तास संपेपर्यंत आई आणि मुलगा करंज्यांत खोबरं किती घालायचं यावर भांडत राहिले, आणि जाळं मासे लागून वर आलेलं तसंच लोंबकळत राहिलं.

वाडी पुन्हा मिडियमवर आली आहे. बाबलीच्या मासळीचा थोडा वास येतो. देवेशही कामाला लागला आहे; नाताळात स्टॅनली घरी येईल तेव्हा त्याला पडद्यावरचा समुद्र नीट दिसावा म्हणून पाण्यातल्या सावल्या आतापासून बसवतो आहे. स्टॅनली तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला असेल आणि दर्या खिडकीत असेल, हे त्याला सांगायला कोणी गेलेलं नाही. तो कामात आहे.

आपण हसलात, ते ठीक. हे वाचायच्या आधी आपण उजेड बेताचा केला, उशी पाठीला सरकवली, चष्मा पुसला, पंखा एकाने कमी केला, हेही उत्तम. आता एवढं झालंच आहे, तर मागच्या खुर्चीत कोण बसलंय तेही एकदा वळून बघा. ती कधीची बसली आहे.