झारीवाली बसव्वा

साबण लावलेल्या हातांनी माणसाला काहीच करता येत नाही. पदर सावरता येत नाही, दार उघडता येत नाही, घाम पुसता येत नाही आणि चिडून निघूनही जाता येत नाही. हे आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं, पण त्यातली सत्ता ओळखली ती बसव्वानं.

धाराशिवच्या जनाना दवाखान्यात, नवजात मुलांच्या खोलीच्या दाराशी, ती पितळेची झारी घेऊन उभी असे. तिथं नळ नव्हता. पाणी उकळायचं, निववायचं, दोन घागरी भरून ठेवायच्या आणि आत जाणारीच्या हातावर ओतायचं, मधल्या वेळात मुलांची दुपटी धुवायची, एवढंच तिचं काम. मात्र ओतायचं कधी, हे तिनं स्वतःकडं ठेवलं होतं. आधी हात ओले होण्यापुरतं पाणी मिळे. मग साबण. मग ती झारी छातीशी धरून वाटेवरच्या गावांची नावं म्हणू लागे. "तुळजापूर... नळदुर्ग... येणेगूर... मुरूम." मुरूम तिचं माहेर. तिथं पोचली की ती उलटी फिरे आणि धाराशिवला परत येईपर्यंत झारी वाकडी होत नसे. कुणी मध्येच हात पुढं केला की "निल्री!" असं कानडीत खेकसे. म्हणजे थांबा.

एकदा डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "बसव्वा, ओत लवकर, आत मूल रडतंय."

"रडू द्या. रडतंय म्हंजे जित्तं हाय. तुमी नळदुर्गातच हायसा अजून."

डॉक्टरीणबाई हैदराबादच्या, मोठ्या घरच्या. त्या फेसाळ हात वर धरून नळदुर्गात थांबल्या. हात धुण्याचा हुकूम त्यांचाच होता, त्यामुळं बोलायची सोय नव्हती.

मला हे सारं ठाऊक आहे, कारण सहा आठवडे रोज संध्याकाळी कचेरी सुटली की मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आहे. महायुद्ध चालू होतं, साबणसुद्धा ओळखीनं मिळत होता. माझा मुलगा नोकरीला हैदराबादेत आणि सून आमच्याकडं. तिला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. भरला चार पौंड. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दूध थेंबाथेंबानं पाजू, ऊब देऊ. पण याला ताप आला तर माझ्याकडं इलाज नाही. आणि या खोलीत ताप हातांवरून येतो." हुकूम निघण्याआधी त्या खोलीतून किती मुलं गेली, तेही त्यांनी सांगितलं. तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

पुरुषांना आत मज्जाव होता. मी बाकावरून दाराकडं बघत असे, आणि दारात बसव्वा असे.

पन्नाशीची, उंच, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. तिचा डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विश्वास होता. धुतलेले हात ती हुंगून बघे. मेरीबाई नावाची नर्स होती, कामाला चोख, पण खाण्याची शौकीन. तिचे हात हुंगून बसव्वा म्हणे, "भजी. कांद्याची. परत लाव."

"अगं, सकाळी खाल्ली होती!"

"मग सकाळपास्नं हात धुतलं न्हाईस म्हण की."

बांगड्यांचा तंटा त्याहून मोठा. काचेच्या बांगड्यांखाली मळ बसतो, त्या काढा, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. सवाष्णीनं रिकाम्या हातानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, असं बाकी सगळ्यांचं म्हणणं. दोन दाया काम सोडून जायला निघाल्या होत्या म्हणे. बसव्वानं जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि पट्टीनं आवळून बांधायच्या. चुडा हातात राहिला आणि मनगट मोकळं झालं. आमचं कुटुंब, म्हणजे आमची ही, पहिल्या दिवशी नातू बघायला गेलं तेव्हा तिनं याच पट्ट्या पुढं केल्या. कुटुंबाला राग आला.

"मी आजी आहे त्याची!"

"ताप काय नातं इचारून येतोय व्हय? वर सारा."

त्या दिवसापासून दोघींचं वैर सुरू झालं. घरी रात्रीच्या जेवणात मला भाजीबरोबर बसव्वाही वाढली जाई.

माझ्याही हातून एक चूक झाली. मी मोजणी खात्यातला माणूस. साखळीनं जमीन मोजण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळं चुकीचं अंतर ऐकलं की मला राहवत नाही. एका संध्याकाळी मी म्हणालो, "बसव्वा, नळदुर्गानंतर एकदम येणेगूर नाही. मध्ये जळकोट आहे."

"तिथं कुणाला उतरायचंय?"

"उतरायचं नसलं तरी गाव आहे. सरकारी नकाशात आहे."

तिनं जरा विचार केला. "सरकारी हाय तर घेते," म्हणाली. तेव्हापासून जाताना एक आणि येताना एक असं जळकोट दोनदा वाढलं. एक फेरी माझ्या घड्याळात पाऊण मिनिटाची होती, ती जवळजवळ मिनिटावर गेली. मेरीबाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. दुसरी एक नर्स माझ्या बाकाजवळून जाताना मोठ्यानं म्हणाली, "अजून एखादं खेडं असेल तर तेही सांगून टाका, काका."

चौथा आठवडा संपता संपता बाळ पाच पौंड भरलं. ताप आला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून बारा दिवस ठेवू, मग घरी न्या. मेरीबाईला आनंद झाला. तिनं दुपट्यात गुंडाळलेलं मूल उंबऱ्यापर्यंत आणून मला लांबून दाखवलं. तेवढ्यात आतून तिला हाक आली.

"बसव्वा, धर जरा. एवढी जाऊन येते."

बसव्वा दोन पावलं मागं सरली. "मला नगं."

"अगं, क्षणभर!"

"नगं म्हनले न्हवं!"

मेरीबाई मूल घेऊन तशीच आत गेली. मी बसव्वाला विचारलं, "का हो, चिडलात का एवढ्या?" त्यावर तिनं झारी खाली ठेवून दोन्ही हात माझ्यासमोर धरले. सोड्याच्या पाण्यात कपडे बुचकळून, घागरी घासून, दिवसभर ओल्यात राहून बोटांची पेरं फुटली होती. भेगांतून रक्त दिसत होतं.

"फुटक्या हाताचं कितीबी धुवा, निघत न्हाय. बाईसायबांनीच सांगितलंय. आता सांगा, म्या कशी धरू?"

"म्हणजे आजवर एकही मूल घेतलं नाही?"

"दोन वर्सं झाली हितं. न्हाय." मग तिनं झारी उचलली. "आपलं काम दारातलं."

घरी मी हे सांगितलं. त्या रात्री जेवणात बसव्वा वाढली गेली नाही. सकाळी चुलीवर तीळतेलात मेण वितळताना दिसलं. ते मलम डबीत भरून कुटुंब दवाखान्यात गेलं आणि त्यानं बसव्वाच्या हातातली झारी काढून घेतली.

"आजपासून मी ओतते. कपडे-घागरीही माझ्याकडं. तू बस तिकडं."

"तुमाला जमायचं न्हाय, काकू."

"बघ जमतंय का."

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. बसव्वा हाताला मलम चोपडून, चिंध्या गुंडाळून बारा दिवस माझ्या बाकावर बसली. तिथून तिच्या सूचना चालूच होत्या. कुटुंबाला गावं पाठ नव्हती, म्हणून त्यानं माझ्या नातेवाइकांची नावं घ्यायला सुरुवात केली. ती गावांपेक्षा जास्त निघाली. त्याबद्दलही नर्सबाईंनी माझ्याकडंच तक्रार केली.

तेराव्या दिवशी घरी न्यायला मी टांगा आणला. सूनबाई आवरून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी बसव्वाचे हात खिडकीच्या उजेडात नेऊन एकेक पेर पाहिलं. "मिटल्यात भेगा," त्या म्हणाल्या. "धुवा आणि घ्या."

तिनं हात धुतले. पुन्हा साबण मागितला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा कुटुंब म्हणालं, "पुरे गं. कातडी ठेव थोडी." मग सूनबाईनं मूल तिच्या हातांवर ठेवलं.

तिनं ते भरल्या घागरीसारखं घट्ट धरलं, आणि एकदम गोंधळून माझ्याकडं बघितलं.

"इतकं हलकं असतंय व्हय?"

"साडेपाच पौंड," मी म्हणालो.

"तुमचं ते पौंड तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

द्यायचं-घ्यायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. मेरीबाईला खण दिला, दाईला लुगडं. बसव्वासाठी निजामाच्या हाली सिक्क्याचे दोन रुपये काढले होते, ते मी पुढं केले. तिनं मान हलवली.

"पैशाला किती जनांचं हात लागल्यालं असत्यात. ल्येकराजवळ आनू नका. तिकडं ठेवा."

मी ते बाकाच्या टोकाला ठेवले. मूल परत मागायचं कुणाच्या मनात आलं नाही. कुटुंबानं सूनबाईची वळकटी उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. टांगा बाहेर अर्धा तास थांबला. त्याचे दोन आणे जास्त पडले. ते टांगेवाल्याला दिले.