वादळवाले मास्तर

निकम सर मोबाइलवर कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. पलीकडून फोन उचलला गेला की थेट, “तर, खारे वारे.” पलीकडचा माणूस जेवतोय की बसमध्ये लटकलाय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहायचेच.

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत ते वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, घरी राहून पदवी करणाऱ्यांच्या अभ्यासकेंद्रात रविवारी भूगोल शिकवायचे. पण रविवारी यायचं कोण? कोणी कंडक्टर, कोणी नर्स, कोणी सासुरवाशीण. वर्गात सर आणि पंखा, दोघंच. तेवढ्यात इनकमिंग फुकट झालं, ज्याच्या त्याच्याकडे मोबाइल आला आणि सरांना रस्ता सापडला.

“वहिनी,” ते मला म्हणाले, “आता विद्यार्थ्याने वर्गात यायचं नाही. वर्गाने विद्यार्थ्याच्या खिशात जायचं.”

तो वर्ग निघायचा मात्र आमच्या गच्चीवरून, कारण रेंज तिथेच. टाकीच्या पाइपला डाव्या हाताने मिठी मारली की दोन दांड्या यायच्या, सोडली की एक. खालून जाणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ टाकीला रागावतोय. मी काही फार शिकलेली नाही, वाचलं ते माझं मीच. पण वाळत घातलेल्या कुरडया राखता राखता मला पृथ्वीच्या पोटातलं सगळं कळलं. रेंज गेली की सरांची सटाण्याकडची अहिराणी बाहेर यायची, “आते काय करू?” आणि ते पाइप बदलायचे.

धडे मेसेजनेही जायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी भूगोल. एकदा ‘ज्वालामुखीच्या तोंडातून’ एवढं गेलं आणि सरांचा बॅलन्स संपला. ती बिचारी नर्स दोन दिवस त्या तोंडाशी उभी. समजलं तर एक मिस्ड कॉल द्यायचा, नाही समजलं तर दोन, असा नियम होता. सरांना दोनच आवडायचे. म्हणायचे, “एक आला की विषय संपतो हो.”

सगळ्यात जास्त जीव होता तो मंगलवर. मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्या घरची सून. पदवीचे सगळे विषय सुटलेले, एक भूगोल तेवढा राहिलेला. त्याचा पेपर नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सांगून ठेवलेलं, यंदा जमलं तर जमलं, पुढं शिक्षण बंद. घरात मोबाइल एकच, तोही आबांचा. पहाटे झेंडू तोडताना मंगल तो कानाला बांधायची आणि सर गच्चीवरून शिकवायचे. मग आबा मोबाइल घेऊन फुलबाजारात जायचे.

एके दिवशी सरांना जरा उशीर झाला. फोन आबांनी बाजारात उचलला. सर नेहमीसारखे सुरू. “तर, समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे. चक्रीवादळ वेगाने किनाऱ्याकडे सरकत आहे. मुसळधार पाऊस होईल.”

आबांना वाटलं, सरकारी हवामान खातं. त्यांनी फोन वर धरला. चार व्यापाऱ्यांनी कान लावले. बघता बघता बाजारभर ताडपत्र्या पडल्या, आणि भिजण्याआधी जाऊ दे म्हणून आबांनी अख्खा माल मिळेल त्या भावाने फुंकला. संध्याकाळपर्यंत आभाळ निळंशार.

दुसऱ्या दिवशी, मंगलकडून पत्ता काढून, त्यांचा टेम्पो आमच्या दारात. “कुठं हाय ते वादळवालं मास्तर?”

मी दोघांना माझ्याच घरात बसवलं, चहा ठेवला.

“अहो, मी बंगालच्या उपसागराचं सांगत होतो,” सर म्हणाले.

“मंग तसं म्हनायचं ना. ना राम राम, ना नाव सांगनं. डायरेक वादळ?” आबा बशीत चहा ओतत म्हणाले. “मोबाइल आता माझ्याकडंच ऱ्हाईल. अन् दसऱ्याच्या आदल्या दिशी मी पोरीला सोडनार नाय. ढिगावर बसाया मानूस नाय माझ्याकडं.”

सरांचा कप हातातच राहिला. मग ते म्हणाले, “मी बसतो.”

“तुमाला फुलं इकता येत्यात?”

“आयुष्यभर भूगोल खपवला, आबा. फुलं त्याहून सोपी असतील.”

आबा माझ्याकडे बघायला लागले. “ताई, हे नेमी असंच का?”

“नेहमी,” मी म्हटलं. आबा हसले आणि मंगलची सुटी मंजूर झाली.

पेपरच्या दिवशी मी मुद्दाम पंचवटीपर्यंत गेले. रस्त्याकडेला झेंडूचा डोंगर आणि डोंगरामागे इस्त्रीच्या शर्टातले निकम सर. एक बाई भाव विचारत होत्या.

“आधी हे सांगा, झेंडू मूळचा कुठला?”

“इथलाच ना?”

“मेक्सिको.”

“एवढ्या लांबून आलाय म्हणजे शिळा असणार,” म्हणत बाई पुढच्या ढिगाकडे गेल्या.

“मास्तर,” टेम्पोतून माल उतरवणारे आबा हात जोडून म्हणाले, “मेक्सिको बंद करा.”

सरांनी मेक्सिको बंद केलं. मापात मात्र प्रत्येकाला ओंजळभर जास्तच घालत राहिले. मधूनच घड्याळ बघायचे आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणायचे, “आता नकाशा काढत असेल.” थोड्या वेळाने, “नकाशात नद्या राहतात तिच्या.” पुन्हा माप.

दुपार कलली तेव्हा मंगल आली, चालत, पदराने घाम पुसत. पुढे ती पास झाली, पण ते आम्हाला तेव्हा कुठे माहीत. मला वाटलं, आता सर तिची प्रश्नपत्रिका हिसकावून घेणार. पण त्यांनी पोत्यामागून डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे सरकवला.

“तुमी जेवले नाय, सर?”

“तू खा आधी. मला गिऱ्हाईक आहे.”

गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. ती पोत्यावर बसली, पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावून खाल्ला आणि हसली. “सर, भाजीत मीठ नाय.”

“राहून जातं,” सर तराजू पुसत म्हणाले. “सांगणारं कोणी नसतं.”

मंगलने मान खाली घातली आणि डब्यातली सगळी भाजी पुसून खाल्ली.