दरबार महालाच्या नकाशातील मापाच्या माणसाची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन, आणि ज्याने विघ्ने पदरी बाळगोन पोसली त्या दरबारासही नमन. शके सतराशे चव्वेचाळीस, चित्रभानु नाम संवत्सरी एका राज्यी (नाव सांगत नाही, वंशज अद्याप मानाचे पान मागतात) महाराजांचे चित्ती आले की, नवा दरबार महाल बांधावा. मग सातासमुद्रापलीकडून लोरंजी नामे चितारी आणविला आणि त्याणे जलरंगांनी कागदावर महाल काढिला: दुतर्फा पांढरे खांब, खांबांचे माथी दगडी पाने, फिकट निळ्या भिंती, भिंतींवर फुलमाळा, आणि वर पंख फुटलेली उघडी बाळे. बाळे पाहोन राजगुरूंनी डोळे मिटले आणि मग एक उघडला. लोरंजीने देशोदेशीच्या राजांस ऐसे नकाशे करोन दिल्हे होते, परंतु एकही महाल उभा राहिला नव्हता. आता म्हातारपण आले, मरण्यापूर्वी आपला एक तरी खांब हाताने चाचपावा इतकीच बिचाऱ्याची आस होती.

कागदावर गादीचे उजवीकडे, खांबास टेकोन, हिरव्या अंगरख्यातला एक इसम त्याणे काढिला होता, खांब किती उंच ते कळावे म्हणोन. तो पाहताच विसोपंत दिवाण लाल जाहले आणि बोलिले, "ही जागा आमच्या घराण्याची! हा कोण उपटसुंभ?" लोरंजी बोलिला, "तो कोणी नाही, दिवाणसाहेब. ते माप आहे." पंत बोलिले, "आज कागदावर जागा गेली ती उद्या महालात गेलीच. कागदावर नाही तो महालात नाही! आम्हांस काढा." महाराजांनी मान डोलाविली आणि तोच कायदा ठरला. मग पंत काढिले, आणि मग हैबतराव सरलष्कर गरजले, "पंत आहेत आणि आम्ही नाही? मग लढाईसही त्यांनाच धाडा!" म्हणोन ते घोड्यासुद्धा काढिले, आणि मग राजगुरू, आणि मग आत्याबाईसाहेबांचे जावई, आणि जावयांचा पोपट. पगड्यांनी फुलमाळा झाकल्या, पोटांनी खांब झाकले, आणि गवंडी कागद पाहोन बोलिले, "सरकार, यात बांधायचं काय?" आणि काम राहिले.

तेव्हा लोरंजीस रडू कोसळले आणि त्याणे भर दरबारी ओला बोळा घेऊन कागदावर फिरविला. महालाचा रंग कागदात मुरला होता, मंडळी वरवरचीच होती. पंत, घोडा, पोपट सारे वाहोन गेले आणि हिरवा इसम तेवढा राहिला. दरबार ओरडला, "हत्तीच्या पायी द्या!" परंतु महाराज कागदाकडे पाहतच राहिले आणि बोलिले, "किती निवांत आहे हो! ऐसाच बांधा." पंतांनी विचारिले, "आणि आम्ही?" महाराज बोलिले, "कायदा तुमचाच आहे, पंत."

मग महाल जाहला, आणि लोरंजीने खांब चाचपिला आणि लेकरासारखा हसला, आणि महाराज तेथे एकटेच बसो लागले. दुसरेच दिवशी पाहतात तो गादीचे उजवीकडे, खांबास टेकोन, हिरव्या अंगरख्यात कोणी उभा. "कोण आहे?" म्हणताच विसोपंत हळूच बोलिले, "माप आहे, महाराज."

महाराज बोलिले, "मापे बोलत नसतात."

येणेप्रमाणे महाल सिद्धीस गेला. पंत हयातभर तैसेच उभे राहिले, आणि त्या काळी राज्याचा कारभार फार उत्तम चालला. इतकी हकीकत.