चालीची मालकीण

संगीताचे हमीद सर सहावीतल्या पोरांना 'मालक' म्हणत आणि पोरींना 'मालकीणबाई'. थट्टेनं नव्हे, भाडेकरू घरमालकाशी बोलतो तशा अदबीनं. वर्गाच्या दारात उभं राहून, "आकाश मालक, तुमची परवाची चाल आज सातवीत वाजवू का?" असं विचारताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलंय. आकाश मालकांनी आधी नाक पुसलं, मग विचार केला आणि सांगितलं, सातवी अ मध्ये वाजवा, ब मध्ये नको, ते पोट्टे हासतात. सरांनी ब तुकडीत ती चाल खरोखर कधी वाजवली नाही.

ब तुकडीचं त्यात काही नुकसान झालं असं मला वाटत नाही. त्या चालीत तीनच सूर होते आणि त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं बंद होतं.

मानोऱ्याच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवते. सर आणि मी दोघंही कारंज्याचे, एकाच एसटीनं जाणारे-येणारे. सर तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्वाची खुबी अशी, की माणसाला घालवायला भांडण लागत नाही, वेळापत्रक बदललं की झालं.

त्यांची शिकवायची रीत म्हणजे ते शिकवतच नसत. पेटीवर एक सूर धरून ठेवायचा आणि म्हणायचं, बोला मालक. सुरुवातीला वर्गात नुसतं खोकणं ऐकू यायचं. मग एकीनं पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरात आणला, एकानं कंडक्टरची आरोळी. कुणी काहीही गायलं की सरांचा शेरा ठरलेला, "खराब हाय, पन तुही हाय." तुही म्हणजे तुझी. त्यानंतर चालीला त्या पोराचं नाव लागायचं, आणि त्याला विचारल्याशिवाय ती कुणी म्हणायची नाही, खुद्द सरांनीही नाही. हाच शेरा त्यांनी माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीलाही दिला होता. त्यानंतर दोन दिवस मी एसटीत पुढच्या सीटवर बसले.

वडिलांचा कारंज्यात लग्नाचा बँड होता, त्यात सर क्लॅरिनेट वाजवायचे. "उमर गेली मॅडम लोकायच्या चाली वाजवण्यात," ते हसत सांगायचे. "नवरदेव घोड्यावरून उतरला का खतम. बँडवाल्याले कोनी नाव इचारते का?" बीबी वारल्यापासून घरी एकटेच होते, त्यामुळे बोलायला एसटीत मीच सापडायची.

काजल राठोड याच सहावीतली. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की ही तांड्यावर मावशीकडे राहायची. वर्गात तोंड उघडायची नाही. एके दिवशी सरांनी सूर धरला आणि ती उठून गायली:

याडी गेली उसाले,
कुलूप माह्या घराले.

याडी म्हणजे आई. दोनच ओळी, पण चाल अशी की शेजारच्या माझ्या वर्गात फळ्यावर निम्मं राहिलेलं समीकरण मी तसंच ठेवून ऐकत राहिले. त्या दिवशी शेऱ्याऐवजी सर "मालकीणबाई," एवढंच म्हणाले आणि पेटी बंद केली.

ती चाल आमच्या हेडसरांच्याही कानावर पडली, आणि तिथून पुढं वाटोळं झालं. हेडसर कवी आहेत. बदली, सेवानिवृत्ती, नवीन पाण्याची टाकी, त्यांना काहीही पुरतं. स्नेहसंमेलनाला एक मोठे साहेब येणार होते आणि स्वागतगीत हवं होतं. हेडसरांनी तासाभरात लिहिलं:

साहेब आले शाळेला,
तोरण बांधू दाराला.

शब्द चालीत चपखल बसले, हे कबूल करायला मला आजही त्रास होतो. हमीद सर म्हणाले, मालकिणीला विचारा. हेडसरांना आधी हसू आलं, मग राग आला. शाळेत तयार झालं ते शाळेचं, असं त्यांचं म्हणणं. पण आम्ही सगळे स्टाफरूममध्ये बसलेलो, तेव्हा मन मोठं दाखवायला त्यांनी काजलला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं. ती नाही म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

काजलनं सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत बसले, तिला इशारा मिळेल असं काहीच त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"नाई," ती म्हणाली. "ते याडीचं हाय. साहेबाचं नाई."

हेडसर म्हणाले, लेकराचं काय मनावर घ्यायचं. वर्गात कुणीतरी मोबाईलवर घेतलेल्या रेकॉर्डिंगवरून नववीच्या मुलींना गाणं बसवलं गेलं. सरांना पेटी वाजवायला सांगितली. त्यांनी पेटी स्टेजवर नेऊन ठेवली, पेटी शाळेची आहे, घ्या म्हणाले, आणि खाली सतरंजीवर काजलशेजारी जाऊन बसले. गाणं छान झालं. साहेब पूर्ण वेळ फोनवर बोलत होते. नवीन वेळापत्रकात संगीताच्या तासाला गणिताची उजळणी आली. स्टाफरूममध्ये आम्ही सुशिक्षित माणसं अशा वेळी चहा पितो.

गोष्ट इथंच संपती तरी चाललं असतं. पण साहेबांच्या माणसांना गाणं आवडलं होतं. निवडणूक लागली आणि भोंगा बांधलेला ऑटो तांड्यातांड्यावर फिरायला लागला. 'साहेब आले गावाला, बटन दाबा नावाला.' चाल तीच.

ऊसतोडीची माणसं परत आल्यावर सरांचा मला फोन आला. काजलच्या आईला भेटायचं आहे, एकट्या माणसानं पोरीच्या घरी जाणं बरं दिसत नाही, तुम्ही चला. मी गेले. घर नुकतंच उघडलेलं, बाहेर भांडी घासून उन्हात पालथी घातलेली. काजलची आई उसाच्या पात्यांनी चिरलेले हात पदराला पुसत बाहेर आली. सरांनी फार वळसे न घेता सांगितलं, की भोंग्यावर वाजतं ती चाल तुमच्या पोरीची आहे, तिनं ती तुमच्यासाठी केली होती.

बाई मोकळेपणानं हसली. "काय बोलता सर. ते साहेबाचं गानं हाय. लय गोड हाय, म्या त पाठच केलं." आणि तिनं ते तिथंच गुणगुणून दाखवलं, 'बटन दाबा नावाला'सकट. काजल दाराला टेकून ऐकत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मंग तू काय म्हनत होती वं?" आईनं तिला विचारलं.

"आठवत नाई," काजल म्हणाली.

"पाहा," बाई आम्हाला म्हणाली. मग पाहुण्यांचा मान राहावा म्हणून असेल, सरांकडे वळली. "तुमाले येत असन ना सर? तुमीच म्हना."

सरांनी काजलकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं उंबरा खरवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"नाई बाई," सर म्हणाले. "मलेबी नाई आठवत."

चहा झाला, आम्ही निघालो. परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर मनसोक्त चिडले. नोकरी त्या गाण्यापायी गेली, तिच्या आईनं स्वतः विचारलं, दोन ओळी होत्या, तेवढ्या म्हणायला काय झालं होतं? आता ती बाई जन्मभर साहेबांचंच गाणं समजून गुणगुणत राहणार.

"मालकिणीनं म्हना म्हनलं नाई ना," सर म्हणाले.

मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "तुमाले एक सांगतो मॅडम, पोरीले सांगू नका. मी रोज म्हनतो ते. घरी गेलो का दरवाजा लावून घेतो आन् म्हनतो. तिले न इचारता."