रहीमचाचांचा कान

गाणी लावून स्पीकर पारखणारी माणसं रहीमचाचांना कच्ची वाटतात. आमच्या चिखलीत कुणाला घरासाठी स्पीकर घ्यायचे असले की चाचांना दुकानात नेतात, आणि चाचा खिशातून पेनड्राइव्ह काढून सोयाबीनचा लिलाव लावतात. अडतीचा धंदा सोडण्याआधी त्यांनी मार्केट यार्डातला सगळा कालवा मोबाईलवर टिपून घेतला होता. बोली, हमालांच्या शिव्या, पोती आदळल्याचे धप्प आवाज.

“गाण्यात सारेच गोड लागतात बे. डाव्या हातचा व्यापारी खोकलला, तर डावीकडूनच ऐकू आला पायजे.”

माझे स्पीकरही त्यांनीच निवडले. लिलाव असा रंगला, की एक दुकानदार हात जोडून म्हणाला, “चाचा, बस करा. गिऱ्हाईक पळून राह्यलं.”

घरी आणल्यावर चाचांनी सांगितलं, “नवा स्पीकर कच्च्या आंब्यावानी असते. रोज वाजवून पिकवा लागते.” शेजारीच राहतात, रोज संध्याकाळी पिकवायला येऊ लागले. मला सोफ्याच्या मधोमध बसवून विचारायचे, “आवाज झाला का मोकळा?” मी हो म्हणायचो.

“लबाड बोलून राह्यला तू.” आणि लिलाव पुन्हा पहिल्यापासून.

तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. एका दुपारी मी स्पीकर चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवले आणि चाचांना सांगितलं, बिघडले, दुरुस्तीला दिलेत.

“माह्या निवडीतच खोट निघाली म्हणजे,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचे स्पीकर उचलून घेऊन आले. धापा टाकत वायरी जोडू लागले. मी आतल्या खोलीचं दार पाठीने दाबून उभा.

“चाचा, मग तुमच्याकडे काय राहिलं?”

“मले एकट्याले काय कराचे? हा बरा का तो बरा, हे विचाराले समोर माणूस लागते.” त्यांनी वर पाहिलं नाही. “तवर हे राहू दे. तुह्ये दुरुस्त होऊन आले की सांग. मंग येतो.”

चहालाही थांबले नाहीत.

परवा कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांना म्हणाला, “चाचा, पोरीले स्पीकर घ्याचे हायेत. चालता का?”

“मले नको नेऊ. ह्या कानाचा आता भरोसा नाही.”

मी तिथेच साखर घेत उभा होतो. पुडा घेऊन घरी आलो; स्पीकर अजून चादरीतच आहेत.