जिन्याखालची जागा

आमच्या गावात घराचा नकाशा मंजूर करून घ्यायचा, तर त्या घरात पन्नास वर्षांनी जे कोणी राहत असतील त्यांची ना-हरकत लागते, आणि त्यासाठी ते स्वतः नगरपरिषदेत हजर राहतात. नियम जुना आहे आणि बरा आहे. बांधणारा चार दिवस मिरवतो, भोगायचं पुढच्यांना असतं.

मार्तंड गुंजाळांना सुनावणीची धास्ती मुळीच नव्हती. हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता आणि तो दाखवायला ते निमित्तच शोधत. मातीच्या दाबून केलेल्या विटा, छतावर सोलर, अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. भिंतींची तर कमालच. खिट्टी काढली की सरकणार. कुटुंब वाढलं तर खोली वाढवा, घटलं तर मिटवा. "शंभर वर्षं हात लावायला नको," असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगत.

वरचा अख्खा मजला तुषारचा. तुषार त्यांचा मुलगा, नोकरीनिमित्त जर्मनीत; येतो येतो म्हणता नऊ वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावर त्याचं नाव काळ्या शाईनं, वळणदार अक्षरात होतं. बाकी सगळं पेन्सिलीनं. मुलगी कांचन चौतीस वर्षांची, पोस्टात कामाला. आई गेल्यापासून घर तीच ओढत होती. तिला नकाशात खोली नव्हती. मुलगी काय, आज ना उद्या सासरी जाणार, हे मार्तंडअण्णांचं मत. आलीच माहेरपणाला, तर जिन्याखाली एक खाट मावत होती. तिथं त्यांनी बारीक अक्षरात 'अडगळ' लिहिलं होतं, कारण प्रत्येक जागेला काहीतरी नाव द्यावंच लागतं.

सुनावणीला फाईल कांचननंच आणली.

"तुषार मार्तंड गुंजाळ यांच्या वतीनं कोणी?" शिपायानं दारात उभं राहून तीनदा पुकारलं. बाहेरच्या बाकावरून कोणी उठलं नाही. नगररचना अधिकारी बोराटे यांनी 'गैरहजर' लिहिलं.

"उशीर झाला असेल," अण्णा म्हणाले. "पन्नास वर्षांचा प्रवास आहे, साहेब."

"बाकीचे वेळेवर येतात," बोराटे म्हणाले. "पुढचं नाव घ्या."

"कांचन मार्तंड गुंजाळ यांच्या वतीनं?"

पंचेचाळिशीची एक बाई आत आली. नाक थेट कांचनच्या आईचं. तिनं चपला दाराशी काढल्या, खुर्चीवर बसली आणि पाणी मागितलं. "मी मृण्मयी कांचन गुंजाळ. नातं, मुलगी."

कांचनच्या हातातली फाईल खाली पडली. ती उचलायचंही तिला सुचलं नाही. "हे नाव मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

"आणि जावई?" अण्णांनी विचारलं.

"तो मुद्दा नकाशात येत नाही," बोराटे म्हणाले. "बाई, हरकत आहे?"

"आहे. आजोबा, घर चांगलंय तुमचं. विटेचा टवका उडाला नाही, टाकी मे महिन्यातही कोरडी पडत नाही. पण वरच्या मजल्याला कुलूप आहे. मामा येणार म्हणून आई दर दिवाळीला वर जायची, झाडून-पुसून परत कुलूप लावायची आणि खाली येऊन जिन्याखाली झोपायची. पाय लांब करता यायचे नाहीत तिला."

"अगं, पण भिंती सरकतात की," अण्णा म्हणाले. "नुसती खिट्टी काढायची."

"खिट्टी काढायला तुमचा होकार लागायचा. तो तुम्ही शेवटपर्यंत दिला नाहीत. तुम्ही गेलात त्या साली..."

बोराटेंनी पेन वर केलं. "मृत्यूच्या तारखा इथं सांगता येत नाहीत. कारण सांगता येईल, घराशी संबंधित असेल तर."

"मग आईचं सांगते," मृण्मयी म्हणाली. "जिन्याखाली ओल धरायची. दमा झाला. माझी आई माझ्या लग्नाला नव्हती."

बोराटेंनी 'ओल, दमा' असं लिहून घेतलं. आपण आखलेल्या जिन्याखालची ओल आपल्याच पोरीच्या छातीत उतरलेली अण्णांनी पहिल्यांदा ऐकली होती आणि ऐकवणारी त्यांचीच नात होती. त्यांना शरम वाटली.

"नकाशा दुरुस्त करता येईल, पंधरा दिवस मुदत," बोराटे म्हणाले. "एक समज द्यावी लागते. घर बदललं की त्यातली माणसं बदलू शकतात. या बाई पुढच्या तारखेला येतीलच, अशी हमी कार्यालय देत नाही."

तेव्हा कांचन बोलली. "अण्णा, राहू दे नकाशा. मी झोपेन जिन्याखाली."

मृण्मयीनं तिच्याकडे बघितलं. "हेच तर करत आलीस तू, आई," ती म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली.

त्या पंधरा दिवसांत कांचन रोज एकदा तरी म्हणायची, "अण्णा, काही खोडू नका." आणि अण्णा रोज थोडं खोडायचे. वरचा मजला गेला, त्याबरोबर जिना गेला, जिन्याखालची जागा आपोआप गेली. खाली पूर्वेला, दोन खिडक्यांची खोली आली. जर्मनीला फोन केला, तर तुषार पटकन "बरं झालं" म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका अण्णांना नीट ऐकू आली, आणि ती त्यांना फार लागली.

दुसऱ्या सुनावणीला शिपायानं पुकारलं, "कांचन मार्तंड गुंजाळ यांच्या वतीनं?"

बाकावरून कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. कांचननं डोळे मिटून घेतले. पोरीचं हे असं बसणं अण्णांना बघवेना.

"वतीनं कशाला," दारातून आवाज आला. "मीच आलेय."

चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी काठी टेकत आत आली. दम लागला नव्हता. कांचन आपोआप खुर्चीवरून उठली, तशी म्हातारी तिथं बसली आणि तिनं दोन्ही पाय लांब केले.

"मृण्मयी?" कांचननं विचारलं.

"गाडी लावतेय. तुझीच पोर ती, मनासारखी जागा मिळेपर्यंत चार फेऱ्या मारणार."

कांचन भिंतीला टेकून रडायला लागली. तिला कोणी थांबवलं नाही.

"आजी, हरकत?" बोराटेंनी विचारलं.

म्हातारीनं चष्मा लावून नकाशा जवळ घेतला. "एकच आहे. अण्णा, तुम्ही माझं नाव पेन्सिलीनं लिहिलंय."

अण्णांनी खिसा चाचपला. खिशात पेन्सिलच होती. बोराटेंनी आपलं पेन पुढं केलं. आपल्याहून बावीस वर्षांनी थोरल्या असलेल्या लेकीसमोर अण्णा वाकले आणि पूर्वेच्या खोलीवर एकेक अक्षर गिरवत गेले. मग शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिले.

"मंजूर," बोराटे म्हणाले, आणि शिपायानं पुढचं नाव पुकारलं.