अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष आणि जैतूदादांची भाकरी

जैतूदादा पष्टे आमच्या गिरणीत आले की अमेरिकेचा अध्यक्ष बदलतो. तांदूळ दळायला टाकले की निवडून आलेला पडतो, पडलेला बसतो, आणि पीठ डब्यात भरेपर्यंत जगाचं पार वेगळंच काहीतरी झालेलं असतं. गेली अकरा वर्षं हे चाललंय. अमेरिकेला अजून पत्ता नाही.

आमची गिरण शेणव्यात, रस्त्याला लागून. सासऱ्यांनी काढली, आता मी चालवते. दळणाला थांबलेलं माणूस कुठं पळून जाऊ शकत नाही, कारण त्याचं धान्य गिरणीच्या पोटात असतं, आणि जैतूदादांना असेच श्रोते लागतात. शहापूरच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म शिपाई म्हणून काढला. प्रत्येक निवडणुकीत मतपेट्या वाहिल्या, पेट्यांच्या सीलसाठी लाख वितळवली, बोटांना शाई लावली, म्हाताऱ्या बायकांना मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते शिकवलं. आधी उभी, मग आडवी, म्हणजे शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटत नाही. हे त्यांनी मलाही शिकवलंय, तेही गव्हाच्या रिकाम्या पिशवीवर. जगातल्या कुठल्याही निवडणुकीबद्दल बोलायचा हक्क आपल्याला आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

अमेरिकेची ती दोन हजार सालची निवडणूक त्यांनी साहेबांच्या टेबलावरच्या पेपरात वाचली होती. तिथं म्हणे एका राज्यात मतदानाच्या कागदाला भोक पाडायचं होतं आणि कित्येकांचं भोक नीट पडलंच नाही. कागदाचा तुकडा तिथंच लोंबकळत राहिला. मग ते मत धरायचं की सोडायचं यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि अख्ख्या देशाचा अध्यक्ष काहीशे मतांवर ठरला. जैतूदादांना हा स्वतःचा अपमान वाटतो. “भोक पाडाया सांगितलंच कशाला?” ते मला विचारतात, जणू टेंडर मीच काढलं होतं. “शिक्का काय महाग होता त्यांना?”

मग साखळी सुरू होते. तो दुसरा बसला असता तं लढाई झाली नसती. लढाई नसती तं तेल भडकलं नसतं. तेल स्वस्त असतं तं डिझेल स्वस्त, डिझेल स्वस्त तं खडीचा ट्रक स्वस्त. इथं ते थांबतात, टोपी सारखी करतात आणि म्हणतात, “हे झालं तिकडलं. आता इकडं ये.” मग खडी स्वस्त झाल्यावर ठेकेदाराला परवडलं असतं, ठेकेदाराला परवडलं असतं तं तालुक्यातली अडलेली कामं झाली असती, आणि कामं झाली असती तं... शेवटचं वाक्य दरवेळी तेच. “तं मला आज घरी जाऊन हातानं भाकरी थापाया लागली नसती.”

गिरणीत हशा पिकतो. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, पण अमेरिकेवरून भाकरी थापणारा हा एकच. मीही हसायचे. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे.

कारण त्यांची भाकरी मी पाहिलेली होती. आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत. त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन वीसेक वर्षं झाली, मुलंबाळं नाहीत, माणूस एकटा. तांदळाच्या भाकरीला आधी पाण्याला उकळी आणून पिठाची उकड काढावी लागते, हे आमच्याकडे पाच वर्षांची पोर सांगेल. जैतूदादा थंड पाण्यात पीठ मळतात. भाकरी तव्यावर पडली की तिचे चार तुकडे होतात आणि ते चारही तुकडे ते मुकाट्यानं भाजून खातात. मी शंभरदा सांगितलं, दादा, उकड काढा. त्यांचं उत्तर ठरलेलं. “ती काढायची. मला नाय जमत.” मी दिलेली भाकरी ते घेत नाहीत. का, ते विचारायचं मी पुढं सोडून दिलं.

त्यांचं आणखी एक तऱ्हेवाईकपण म्हणजे जिंकलेल्यात त्यांना काडीचा रस नाही. कुठलीही निवडणूक झाली की ते विचारतात, पडला कोण आणि किती मतांनी? लाखानं पडलेल्याची कथा ते एका वाक्यात संपवतात, “तो पडणारच होता.” पाच-दहा मतांनी कुणी पडला की मात्र आठवडाभर माणसाच्या तोंडाला चव नसते. एकदा किन्हवलीकडचा कुणी सोसायटीच्या निवडणुकीत दोन मतांनी पडला, तर हे त्याला भेटायला गेले. ओळख ना पाळख. त्या माणसाला वाटलं हे विरोधी पार्टीकडून खिजवायला आले आहेत. त्यानं यांना ओटीवरही बसू दिलं नाही.

आणि इतकं सगळं करून हा माणूस स्वतः मत देत नाही. मतदानाच्या दिवशी घराला कुलूप लावून सकाळच्या पहिल्या एसटीनं मुरबाडला, तिथून वैशाखऱ्याला बहिणीकडे. संध्याकाळी परत, बोटाला शाई नाही. अमेरिकेत काय व्हायला हवं होतं ते सांगणार, आणि शेणव्याच्या शाळेपर्यंत चारशे पावलं चालायला यांना जमत नाही. मला याचा फार राग यायचा.

यंदा तो राग कामाला आला. आमच्या वॉर्डात ग्रामपंचायतीची जागा बाईची पडली आणि मी उभी राहिले. ओढ्यापलीकडं आमच्याच वॉर्डाची एक वाडी आहे, तीसेक घरांची. चार महिने ओढा भरलेला असतो. त्या दिवसांत पलीकडच्या बाया दळण घेऊन येत नाहीत, पोरं शाळेत येत नाहीत, आणि आजारी माणसाला झोळीत घालून ओढा उतरायची वाट बघत बसतात. पायी जाण्यापुरता एक साकव, छोटासा पूल हवा, एवढंच माझं म्हणणं. यात गिरणीचाही फायदा आहे, ते मी लपवत नाही. पण मला साकव हवा होता. मनापासून हवा होता. आणि मी मनातल्या मनात मतं मोजत बसले की दरवेळी जैतूदादांशी येऊन अडायचे. वीस वर्षं मत न दिलेला माणूस माझ्यासाठी आला, तर त्यांच्याकडे बघून आणखी चार घरं आली असती.

एका दुपारी ते दळण घेऊन आले. मी पट्टा चढवला, त्यांनी अमेरिका सुरू केली, आणि वीज गेली. गिरण थांबली की एकदम अशी शांतता पडते की माणसाला आपला आवाज परका वाटतो. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, दादा, अमेरिका राहू द्या, माझं बोला. या वेळी वैशाखऱ्याला जायचं नाही. मला मत द्यायचं.

त्यांनी नुसती टोपी सारखी केली. मी चिडले. म्हटलं, त्या दूरच्या भोकांचं तुम्हाला एवढं दुःख, आणि इथं साकव होतो की नाही याचं काहीच नाही?

साकवाचं नाव निघालं तसे ते खाली बसले, तिथंच, पिठाच्या पांढऱ्या फरशीवर.

मग जे सांगितलं ते हळू आवाजात सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांचं घर ओढ्यापलीकडं, त्याच वाडीत होतं. पंचायतीला दोघे उभे होते. एक दामू, जैतूदादांचा सख्खा चुलतभाऊ, रस्त्याकडेला राहणारा. दुसरा वाडीतलाच किसन, ज्याचं एकच म्हणणं होतं, साकव. मतदानाच्या आदल्या दिवशी दामूनं भावकीतल्या सगळ्यांना गावदेवीसमोर नेऊन, मत मलाच म्हणून नारळावर हात ठेवायला लावला. जैतूदादांनी ठेवला. सकाळी घरून निघताना काकू म्हणाल्या, मत किसनला द्या, साकव पायजे. जैतूदादांनी त्यांनाही हो म्हटलं.

“आत गेलो, पडद्यामागं,” ते म्हणाले. “शिक्का हातात. देवीचा नारळबी दिसतोय, आनि हिचं तोंडबी दिसतंय. मग काय केलं, दोघांच्या मधी रेघ असते ना गो, त्या रेघेवर मारला. अर्धा याला, अर्धा त्याला. नारळबी मोडला नाय, हिचा शब्दबी मोडला नाय.”

अख्ख्या तालुक्याला शिक्का कसा मारायचा ते शिकवलेला माणूस. रेघेवरचं मत बाद होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी तसं म्हटलंही.

“म्हाईत होतं. एकानं काय होतंय, असं वाटलं.”

मोजणी शहापूरला, कचेरीत झाली. जैतूदादा तिथंच होते, चहाचे पेले फिरवत. साहेबांनी एक मतपत्रिका वर धरून दोन्ही पार्ट्यांना दाखवली आणि बाद करून बाजूला ठेवली. आपला शिक्का त्यांनी हातात ट्रे घेऊन लांबून ओळखला. वॉर्डातलं बाद मत तेवढं एकच. मग बेरीज झाली, आणि दोघांना सारखी मतं निघाली. नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकायची ठरली. साहेब म्हणाले, पष्टे, एखादं भांडं आण. यांनी चहाच्या साखरेचा डबा रिकामा करून दिला. त्या डब्यातून दामूची चिठ्ठी निघाली.

दामू वाईट माणूस नव्हता, हे जैतूदादांनी दोनदा सांगितलं. त्याला साकव नको होता असंही नाही, पण त्याचं घर रस्त्याला लागून, त्याच्या ते ध्यानात राहिलं नाही. दोन वर्षांनी भाद्रपदात काकूंना शेतावर पान लागलं. म्हणजे साप चावला. साप चावल्याचं आमच्याकडे थेट बोलत नाहीत. ओढा दुथडी भरलेला. सकाळी झोळी काठावर आणली. पलीकडं जीप उभी होती, ड्रायव्हर बिडी ओढताना दिसत होता, इतकी जवळ. पाणी उतरलं दुपारी. तोवर काकू काठावरच गेल्या.

“मला बोल लावला नाय तिनं,” ते म्हणाले. “तिला शेवटपर्यंत वाटत होतं मी किसनलाच दिलेलं. बोल्ली, तुमी तं दिलं होतं, त्याचं नशीब.”

अकरा वर्षं मी त्या भाकरीला हसत होते. तो तिकडचा दुसरा कुणी बसला काय आणि न बसला काय, जैतूदादांना अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्या लांबच्या भोकातून ते रोज एकाच जागी येत होते, आणि मी गिऱ्हाइकांबरोबर टाळ्या देत होते. माझी मलाच किळस आली. वीज आली, गिरण सुरू झाली, आणि मी त्यांचे तांदूळ दळून दिले.

मतदानाच्या दिवशी मी शाळेपासून लांब, वडाखाली उभी होते. पहिली एसटी गेली. जैतूदादा तिच्यात नव्हते. नऊच्या सुमारास ते आले, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, माझ्याकडे न बघता आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतल्या पोलिंग एजंटनं नंतर सांगितलं की म्हातारा मशीनपुढं नुसता उभाच राहिला. अधिकाऱ्यांनी विचारलं, आजोबा, दिसत नाही का? मग एकदाची मशीनची शिट्टी वाजली.

बाहेर येऊन ते माझ्याजवळून गेले. मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, तो त्यांचा नियम. जाता जाता एवढंच म्हणाले, “रेघच नाय गो त्याच्यात. कुठंतरी दाबाया लागतंच.”

मी पडले. चाळीसएक मतांनी पडले. जिंकली तिचं घर रस्त्याला लागून आहे. ती बाई चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. साकव होणार नाही, एवढं मला कळतं. दोन दिवस मी गिरण उघडली नाही. गावातली माणसं येऊन समजावून गेली, पुढच्या वेळी बघू म्हणाली. पुढच्या वेळेपर्यंत ओढा पाच वेळा भरेल, हे कुणी म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी गिरण उघडली तर दारात पहिले जैतूदादा, तांदळाचा डबा घेऊन. त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही, त्यांना आकडा माहीत होता. म्हणाले, “तू पडणारच होतीस. चाळीस म्हणजे काय थोडी नायत. एकाचा दोष नाय त्याच्यात.” त्यांच्याकडून याहून मोठं सांत्वन कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही. पण ते मला सांगत होते की स्वतःला, ते नीट कळलं नाही.

पट्टा फिरायला लागला. मी तांदूळ ओतले. ते टोपी सारखी करून आपणहून सुरू झाले. “तू निवडून आली असतीस तं साकव झाला असता.”

मी वाट बघितली. अमेरिकेपासून इथपर्यंत यायला त्यांना नेहमी पाव तास लागतो, या वेळी दोनच पावलं होती. ते पुढं बोलेनात म्हणून मीच सवयीनं विचारलं, आणि मग?

“मग काय,” ते म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं. “तरीबी भाकरी मलाच थापायची.”